पत्रपेटीवर नाव लावा: ठाण्याहून जर्मनीला शिकायला निघालेल्यांसाठी

जुलै-ऑगस्ट आला की आमच्या नौपाड्यातल्या घराची बेल वाजू लागते. दारात इमारतीतला एखादा मुलगा किंवा मुलगी, मागे आई, आईच्या हातात वही. ‘ताई, व्हिसा आला. काय काय न्यायचं ते सांग.’ मी २०१८ साली स्टुटगार्टला मास्टर्स करायला गेले, चार वर्षं राहिले, आता ऐरोलीत नोकरी करते. परत आल्यापासून अशा बऱ्याच वह्या मी भरून दिल्यात. पण वहीत सगळं सामानाचंच असतं. बॅग काय, कशीही भरली जाते. अडतं ते तिथे पोचल्यावर.

ठाण्यात आपला दिवस किती माणसं मिळून चालवतात हे घर सोडेपर्यंत लक्षात येत नाही. कचऱ्याची बादली दाराबाहेर ठेवली की रिकामी होते. जिना कुणीतरी झाडतं. पार्सल वॉचमनकडे असतं. इस्त्रीवाला कपडे घेऊन जातो आणि पाणी जाणार असेल तर समोरच्या काकू आदल्या रात्रीच ओरडून सांगतात. तिथे ही सगळी माणसं म्हणजे तुम्ही एकटे. शिवाय आपणहून कुणी काही सांगायला येत नाही. विचारलंत तर मात्र अनोळखी माणूसही रस्त्यात उभं राहून दहा मिनिटं समजावतो. खाली लिहिलेलं बहुतेक सगळं मला असंच विचारून कळलंय, त्यातलं निम्मं उशिरा.

निघण्याआधी

माझ्या वेळी एपीएस प्रमाणपत्राची, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याच्या दाखल्याची, भानगड नव्हती. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या अर्जासाठी ते लागतं, तेव्हा गुणपत्रिका हातात आल्या की त्याचं काम पहिलं लावा. पैशांसाठी श्पेरकोंटो, म्हणजे बांधून ठेवलेलं खातं. त्यात वर्षभराचा खर्च आधीच भरायचा आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम काढायची. २०२४ च्या सप्टेंबरपासून हा आकडा वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. पण पोचल्या दिवसापासून हे पैसे हातात येतील असं धरू नका. आधी तिथलं चालू खातं लागतं, त्यासाठी बऱ्याचदा पत्त्याची नोंद लागते, त्यासाठी घर लागतं. पहिल्या महिन्याचं भाडं, अनामत आणि खाणंपिणं यांची सोय वेगळी ठेवा. तीनचारशे युरो रोख जवळ हवेतच आणि नोटा लहान घ्या, कारण बेकरीत किंवा छोट्या दुकानात अजूनही कार्ड चालेलच असं नाही.

आता बॅग, कारण वहीतलं पान रिकामं ठेवलं तर आई लोक नाराज होतात. दाताचं काम उरकून घ्या, चष्म्याची जास्तीची जोडी करून घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावानिशी घ्या. जांभळी नाक्यावरून गोडा मसाला, हिंग, आमसूल घ्या, पाव-पाव किलो पुरे. जाड जॅकेट इथे घेऊ नका. आपल्याकडचं जॅकेट तिथल्या जानेवारीत शर्टासारखं वाटतं. तिथे जुन्या कपड्यांच्या दुकानात उत्तम मिळतं.

कुकर मात्र न्याच. तीन लिटरचा, स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा, कारण शेगडी कुठली मिळेल ते पोचल्याशिवाय कळत नाही आणि साधा अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर नुसता बसून राहतो. त्याच्याबरोबर दोन जादा रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह. गोखले रोडवरच्या भांड्यांच्या दुकानात विचारलंत तर दुकानदार मॉडेल बघून नेमकी रिंग काढून देतो. तिथे ती शोधायला मला अख्खा शनिवार लागला होता आणि तरी मिळाली नव्हती. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, म्हणजे मिक्सर चालतो. आपली बारीक दोन पिनांची चार्जरं तशीच बसतात, तीन पिनांसाठी अडॅप्टर लागतो.

आणि आजीच्या तुपाची बरणी घरीच ठेवा. युरोपियन युनियनच्या बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, पनीर, सगळं त्यात आलं. कढीपत्ता आणि आंब्यासारख्या ताज्या मालाला वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, ते कुणाकडे नसतं. विमान दुबई-अबुधाबीवरून असेल तर खसखसही काढून ठेवा, युएईत ती अमली पदार्थांच्या यादीत धरतात. आमच्याकडे विमानतळावर निघायच्या तासभर आधी तुपाची बरणी बाहेर निघाली आणि आजी माझ्याशी बोलेना. तिला मी तिकडे पोचल्यावर लोणी कढवून व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तेव्हा कुठे राग गेला. त्याची रीत पुढे येते.

शनिवारी रात्री उतरू नका

तिकीट काढताना वार बघा. मी शनिवारी रात्री पोचले. फ्रँकफर्टहून स्टुटगार्टला वेगवान गाडीने साधारण सव्वा तास लागतो, पण बॅगा, किल्ली, वाट चुकणं धरून वसतिगृहात शिरेपर्यंत सगळं बंद झालं होतं. दुसऱ्या दिवशी रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं कायद्यानेच बंद असतात. सुपरमार्केट नाही, वाण्याचं दुकान नाही, काही नाही. मी दिवसभर तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या आणि नळाचं पाणी प्यायले. ते पिण्याचंच असतं, उकळायची गरज नाही. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली आणि विमानतळावरची दुकानं रविवारी उघडी असतात, काही बेकऱ्या सकाळी दोनतीन तास उघडतात, हे मला सोमवारी कळलं. शक्यतो सोमवार ते बुधवारात पोचा, म्हणजे कचेऱ्याही उघड्या सापडतील.

घर मिळवणं

विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी प्रवेश मिळाल्याच दिवशी अर्ज करा. प्रतीक्षायादी कित्येक महिन्यांची असू शकते. नाहीतर सामायिक फ्लॅटमधली एक खोली, ज्याला तिथे व्हे-गे म्हणतात. जाहिरातीत भाडं दोन तऱ्हेचं असतं. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. वार्ममीटे म्हणजे हीटिंग वगैरे धरून. स्वस्त वाटणारा आकडा बहुधा पहिला असतो, शिवाय वीज आणि इंटरनेट दोन्हींच्या बाहेर असू शकतात, तेव्हा प्रत्येक वेळी विचारा. अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेएवढी घेता येते, तो कायदा आहे.

एक फसवणूक दरवर्षी होते आणि दरवर्षी कुणीतरी सापडतं. शहराच्या मध्यभागी सुंदर फ्लॅट, भाडं निम्मं, मालक म्हणतो, ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरियरने येईल.’ किल्ली येत नाही. स्वतः किंवा ओळखीच्या कुणी खोली बघितल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. गरज पडली तर पहिले दोन आठवडे प्रवाशांच्या हॉस्टेलमध्ये काढा.

पहिले चौदा दिवस

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. सोबत पासपोर्ट आणि घरमालकाची सही असलेला कागद. त्या कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. मला ते एका दमात म्हणता यायला सहा महिने लागले, तुम्ही छापील नाव दाखवलंत तरी चालतं.

तिथलं सगळं एकात एक अडकवलेलं असतं. घर असेल तर नोंदणी. नोंदणीनंतर पोस्टाने टॅक्सचा क्रमांक येतो, तो नोकरीला लागतो. चालू खातं उघडलं की श्पेरकोंटोतले पैसे सुटतात. विद्यापीठाच्या प्रवेशाला आरोग्यविमा आधी लागतो. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी व्यवस्थेतला विमा सवलतीत मिळतो, महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास. या सगळ्याची कागदपत्रं घेऊन राहण्याचा परवाना काढायचा. तुमचा व्हिसा काही महिन्यांचाच असतो, परवाना त्याच्या पुढचा. त्यासाठी टेर्मीन, म्हणजे वेळ ठरवून घेणं, पोचल्या आठवड्यातच मागा. तारीख दोन-तीन महिन्यांनी मिळाली तर घाबरू नका. व्हिसा संपायच्या आत अर्ज गेलेला असेल तर तोवर राहण्यासाठी तात्पुरता कागद देतात. अर्ज केल्याचा पुरावा मात्र जपून ठेवा.

टेर्मीन हा शब्द पाठ करा. डॉक्टर, बँक, केस कापणं, काही ठिकाणी प्राध्यापकही, सगळं टेर्मीनवर. आपल्यासारखं ‘जाता जाता डोकावलो’ चालत नाही.

आता माझी फजिती. बँकेने मला सांगितलं की कार्ड एका पाकिटात येईल आणि पिन दुसऱ्या पाकिटात. मी रोज खाली जाऊन बघत होते. आठवडा गेला, दोन गेले. पत्रपेट्यांच्या रांगेत माझी पेटी रिकामी. शेजारच्या मुलाच्या पेटीत जाहिराती, मासिकं, काय काय. शेवटी त्यालाच विचारलं. तो माझ्या पेटीकडे बघून हसला. पेटीवर आधीच्या मुलीचं नाव होतं, कुठलं तरी पोलिश आडनाव. जर्मन पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन आडनाव बघतो, पेटीवर ते नसेल तर पत्र परत. माझं कार्ड एकदा, पिन एकदा आणि विम्याचं पत्र दोनदा असं सगळं परत गेलं होतं. ठाण्यात आमच्या वॉचमनला माझ्या मामाच्या मुलीचंही नाव माहीत होतं, त्यामुळे पाटी नसली तर माणूसच नसतो हे मला सुचणं शक्य नव्हतं.

तेव्हा किल्ली मिळाल्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर नाव लावा. चिकटपट्टी आणि कागद चालतो. पासपोर्टवर असेल तेच आडनाव, त्याच स्पेलिंगचं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं, ते तिथे तुमचंच दुसरं नाव धरतात. माझ्या विमा कार्डावर चार वर्षं माझ्या बाबांचं नाव माझं म्हणून छापलेलं होतं आणि दवाखान्यात नर्स त्या नावाने हाक मारायची.

नोंदणीनंतर काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं. दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो. घरी टीव्ही नाही म्हणून ते केराच्या टोपलीत टाकू नका, टीव्ही असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही. सामायिक फ्लॅटमध्ये एकाने भरलं की पुरतं. बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा.

कचरा, आवाज आणि जिना

कचऱ्याचे डबे रंगांवरून ओळखायचे. साधारणपणे कागद निळ्यात, प्लास्टिकची वेष्टणं पिवळ्यात, भाजीची सालं तपकिरीत, उरलेलं काळ्या किंवा करड्यात. शहरागणिक थोडा फरक असतो, तेव्हा इमारतीत लावलेला तक्ता बघा. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या डब्यांत, रंगाप्रमाणे, आणि तेही रविवारी नाही. आवाज होतो म्हणून.

पाण्याच्या-सरबताच्या बाटल्यांवर अनामत असते. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि डब्यावर २५ सेंट, बियरच्या काचेच्या बाटलीवर बहुतेक ८. सुपरमार्केटमधल्या यंत्रात बाटली घातली की चिठ्ठी मिळते, ती बिलातून वजा होते. बाटली चुरगाळू नका, यंत्राला वाचता आली पाहिजे. महिनाअखेरीला या बाटल्यांवर मी दोनदा दूध-पाव आणलाय.

रात्री १० ते सकाळी ६ शांतता, रविवारी दिवसभर. मिक्सरमध्ये खोबऱ्याची चटणी करायची तर शनिवारीच करून ठेवा. ही विनोदाची गोष्ट नाही, वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खरंच खाली येतात.

दुसऱ्या वर्षी मी वसतिगृह सोडून एका जुन्या इमारतीत खोली घेतली. एका सोमवारी दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली: केअरवोखे. शब्दशः झाडण्याचा आठवडा. स्टुटगार्टच्या आसपासच्या श्वाबन भागात ही जुनी रीत आहे. आठवड्याची पाळी ज्याची, त्याने आपल्या मजल्याचा जिना झाडायचा-पुसायचा, मग पाटी शेजारच्या दाराला लावायची. मला वाटलं, कुणीतरी चुकून अडकवली. मी ती सरळ शेजारच्या दाराला लावून टाकली. बुधवारी खालच्या मजल्यावरची आजी वर आली. सत्तरीची, हातात बादली, फडकं आणि लांब दांड्याचा ब्रश. भांडली नाही. ‘बघ,’ म्हणाली आणि वरच्या पायरीपासून सुरुवात केली. कोपऱ्यात ब्रश तिरका धरायचा, केर खालच्या पायरीवर पाडत यायचं, कठड्याच्या गजांमधून फडकं फिरवायचं, शेवटी पायपुसणं उचलून त्याखालचं. मधल्या पायरीवर थांबून तिने ब्रश माझ्या हातात दिला. आमच्या नौपाड्यातला जिना बावीस वर्षं कोण झाडत होतं, त्या बाईंचं आडनावसुद्धा मला ठाऊक नव्हतं, हे मला तिथे, त्या ब्रशसकट उभी असताना लक्षात आलं. सुट्टीत घरी आल्यावर आधी ते विचारून घेतलं.

त्यानंतर त्या आजीकडे माझं जाणंयेणं सुरू झालं. माझ्या तोंडातलं जर्मन क्लासपेक्षा तिच्या स्वयंपाकघरात जास्त सुधारलं.

खिडकीचंही एक शास्त्र आहे. थंडीत घरं घट्ट बंद असतात, त्यामुळे श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ भिंतीवर बसून बुरशी धरते. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांवर येते तीच. म्हणून दिवसातून दोनतीनदा, बाहेर शून्य अंश असलं तरी, खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळवायची. करारात हे लिहिलेलं असू शकतं, आणि बुरशी आली तर अनामतीतून कापलं जाऊ शकतं.

स्वयंपाकघर

धुराचे गजर घराघरांत सक्तीचे आहेत. मोहरीची फोडणी करताना तेल धुरेपर्यंत तापवायची सवय सोडा, आधी खिडकी उघडा आणि एक्झॉस्ट लावा. काही वसतिगृहांत हा गजर थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. बाकी काही झालं नाही तरी रात्री साडेनऊला स्वेटर घालून पन्नास माणसं तुमच्या वरणामुळे अंगणात उभी राहतात.

तूप तिथेच करायचं. सुपरमार्केटमधलं गोड सायीचं लोणी, २५० ग्रॅमची वडी, मंद आचेवर कढवलं की घरच्यासारखंच रवाळ तूप होतं. श्रीखंडासाठी चक्का करत बसायची गरज नाही. तिथे क्वार्क नावाचा पदार्थ मिळतो, आपल्या चक्क्याचा चुलत भाऊ. कमी स्निग्धांशाचा पांचट लागतो, ४० टक्क्यांचा घ्या, रात्रभर फडक्यात टांगा, सकाळी साखर-वेलदोडा घालून फेटा. पोळ्यांचं कोडं थोडं वेळखाऊ आहे. तिथल्या पिठाला क्रमांक असतात: ४०५, ५५०, १०५०. तो आकडा म्हणजे शंभर ग्रॅम पिठातली खनिजं मिलिग्रॅममध्ये. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे जवळपास मैदा. त्याच्या पोळ्या पापडासारख्या होतात आणि आपण स्वतःला दोष देत बसतो. १०५० आणि बारीक दळलेलं अख्ख्या गव्हाचं पीठ निम्मं-निम्मं घेऊन बघा. कोथिंबीर, भेंडी, मसूर डाळ तुर्की दुकानांत भारतीय दुकानापेक्षा बहुधा स्वस्त मिळते. दुपारी विद्यापीठाच्या मेन्झात, म्हणजे खानावळीत, जेवा, विद्यार्थ्यांना सवलत असते आणि एक शाकाहारी पदार्थ हमखास असतो. हॉटेलात नुसतं ‘पाणी’ मागितलंत तर बुडबुड्यांचं येतं, बिलातही येतं.

वर्ग, परीक्षा, कमाई

वेळापत्रकात वेळेपुढे ‘त्से टे’ अशी दोन अक्षरं असतील तर तास सव्वाला सुरू होतो. १० चा तास १०.१५ ला. अक्षरं नसतील तर दहा म्हणजे दहा. हजेरी बऱ्याच विषयांना नसते, म्हणून डिसेंबरपर्यंत कुणी काही विचारत नाही आणि फेब्रुवारीत अख्ख्या सहामाहीची एकच परीक्षा अंगावर येते. परीक्षेसाठी वेगळी नावनोंदणी करावी लागते, तिची मुदत गेली की परीक्षेला बसता येत नाही. माझ्या ओळखीतल्या दोघांची एकेक सहामाही निव्वळ यात गेली. गुण उलटे आहेत: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. आईला निकाल सांगताना आधी हे समजावा. एकाच विषयात ठरावीक वेळा नापास झालात तर अभ्यासक्रमच सोडावा लागतो, तेव्हा अडलं की प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाऊन विचारा. ‘मूर्ख प्रश्न वाटेल’ ही भीती आपल्या वर्गांतून बरोबर आलेली असते. तिथे न विचारणाराच विचित्र वाटतो.

काम करायला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस मुभा आहे, सहामाही चालू असताना आठवड्याला २० तासांच्या आत राहा. किमान वेतन २०२६ च्या जानेवारीपासून तासाला १३.९० युरो आहे. परवानगीशिवाय स्वतंत्र धंदा चालत नाही, म्हणजे ठाण्यातल्या कंपनीची बाजूची कामं परस्पर घेण्याआधी विचारून घ्या.

देशभरातल्या लोकल, बस, ट्रामसाठी एकच महिन्याचं तिकीट आहे. २०२३ च्या मे महिन्यात ते ४९ युरोला सुरू झालं, २०२६ मध्ये ६३ वर गेलंय. विद्यार्थ्यांना बऱ्याच विद्यापीठांतून सवलत मिळते. गेट नसतं, तपासनीस साध्या कपड्यांत असतो, बिनतिकीट सापडलात तर ६० युरो. ‘जर्मन गाड्या मिनिटावर चालतात’ हे मात्र विसरा. १८५३ पासून रेल्वे बघितलेल्या ठाण्याच्या माणसाला तिथल्या उशिराच्या घोषणा ऐकून घरी आल्यासारखं वाटेल.

भाषा

शिकवणं इंग्रजीत असलं तरी पत्रं, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट आणि घरमालक जर्मनमध्येच असतात. मराठी माणसाला इथे थोडी सवलत आहे आणि क्लासवाले ती सांगत नाहीत. तो-ती-ते तिन्ही लिंगं आपल्याला नवी नाहीत. ‘तू’ आणि ‘तुम्ही’चा भेद आपल्या जिभेवर आहेच, तिकडे तो ‘डू’ आणि ‘झी’. मोठ्यांना, अनोळखी माणसाला, कचेरीत ‘झी’च. एकवीस म्हणताना आपण आधी एक म्हणतो मग वीस, तेही तसंच म्हणतात.

पण एक खड्डा आहे. ‘हाल्ब ड्राय’ म्हणजे शब्दशः अर्धा तीन. मी डोक्यात साडेतीन केलं आणि खोली बघायला तेवढ्याला पोचले. त्याचा अर्थ अडीच, तिसरा तास अर्धा झाला असा. खोली दुसऱ्याला गेली होती.

आजारपण, अंधार, घरचा फोन

तातडीला ११२, पोलिसांना ११०. रात्री ताप आलाय पण जिवावरचं काही नाही, अशा वेळी ११६११७ वर डॉक्टर मिळतो. घराजवळचा एक डॉक्टर बरे असतानाच गाठून ठेवा. साध्या तापाला तो चहा आणि विश्रांती सांगेल, अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. घरी फोनवर हे ऐकून आई त्या डॉक्टरच्या पदवीबद्दल शंका घेईल.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. ठाण्याशी साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं, मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत. डिसेंबरात स्टुटगार्टला सूर्य आठनंतर उगवतो आणि साडेचारला मावळतो. हे आधी सांगून ठेवते, कारण नोव्हेंबरात मला वाटत होतं की माझंच काहीतरी बिघडलंय. उठवत नाही, भूक नाही, अभ्यासाला बसलं की रडू येतं. दिवसा उजेड असेल तेव्हा अर्धा तास बाहेर पडा, पाऊस असला तरी. ड जीवनसत्त्वाचं डॉक्टरला विचारा. दोन-तीन आठवडे तसंच राहिलं तर विद्यार्थी सेवा संस्थेकडे समुपदेशक असतात, फुकट किंवा नाममात्र पैशांत, इंग्रजीतही बोलतात. मी चार वेळा गेले. घरी तेव्हा सांगितलं नव्हतं.

फोनची वेळ ठरवून टाका. आमच्याकडे ठाण्यातले रात्रीचे साडेनऊ, जेवणं उरकल्यावर. रोज तासभर बोलायचं ठरवलंत तर तिथे संध्याकाळी कुणाबरोबर बाहेर पडणं होत नाही, आणि मग बोलण्यासारखंही काही उरत नाही. मी आठवड्यातून तीनदावर आणलं. पहिला महिना आई रुसली.

दिवाळी नेमकी वर्ग सुरू झाल्या झाल्या येते. घरून फराळ मागवायचा तर तीन-चार आठवडे आधी पाठवायला सांगा. चकल्या, शेव, चिवडा ठीक, पेढे-बर्फी नको. भेट म्हणून आलेल्या पार्सलला ४५ युरो किमतीपर्यंत कर नाही, मात्र कस्टमच्या कागदावर आत काय आहे ते स्पष्ट लिहायला हवं. ‘फराळ’ एवढंच लिहिलं तर तिथला अधिकारी काय समजणार? शिवाय मोठ्या शहरांत मराठी मंडळींचे दिवाळी-गणपतीचे कार्यक्रम होतात. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून जोडशहरं आहेत, त्यामुळे आपली माणसं सापडायला त्रास पडत नाही. फक्त सगळ्या संध्याकाळी त्यांच्यातच घालवू नका, नाहीतर चार वर्षांनी जर्मन ‘नमस्कार-धन्यवाद’पाशीच राहतं.

खोली सोडताना

हे पहिल्या दिवसापासूनच सुरू होतं. राहायला गेल्यावर प्रत्येक भिंतीचा, खिडकीचा, शेगडीवरच्या चरेचा तारखेसह फोटो काढा आणि मालकाला ईमेल करा. सोडायची नोटीस नेहमीच्या करारात तीन महिन्यांची असते आणि सहीच्या कागदावर द्यावी लागते. अनामत लगेच परत मिळत नाही, हिशेबाला महिने लागू शकतात, तेव्हा देश सोडत असाल तर बँक खातं तोवर चालू ठेवा. पत्ता काढून टाकल्याची नोंद करा. पोस्टाला नवा पत्ता द्या, ते ठरावीक मुदतीपर्यंत पत्रं पुढे पाठवतात.

माझ्या खोलीत माझ्यानंतर कोल्हापूरची एक मुलगी आली. पाटीची पाळी तिला खालच्या आजीने समजावली, मी तिच्यासाठी कुकर ठेवला. शेवटची जादा रिंग मी तेव्हाच घातली होती. म्हणून तिला निघण्याआधीच कळवून ठेवलं, येताना दोन रिंगा घेऊन ये, आणि मॉडेलचा नंबर झाकणाच्या आत कोरलेला आहे, त्याचा फोटो पाठवते. तो पाठवला. मग खाली जाऊन पेटीवरची माझी चिकटपट्टी काढली आणि तिचं आडनाव लिहून लावलं.